दाजींच्या मशीनमधला नवा प्रोसेसर

“सर, हे उघडलं आणि पुन्हा चालू झालं नाही, तर मी पुण्याला जाणार. एवढं ध्यानात ठेवून स्क्रू फिरवा.”

दाजी हे हसत म्हणाले. पण ते हसू ओठांच्या पलीकडे गेले नाही. मी दुकानातल्या टेबलावर जाड चादर अंथरून संगणकाची पेटी आडवी ठेवली होती आणि मागचे स्क्रू काढून स्टीलच्या वाटीत टाकत होतो. प्रत्येक स्क्रू वाटीत वाजला की दाजींची पापणी लवत होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, अप्पासाहेब चौगुले. जयसिंगपुरात आतल्या गल्लीत त्यांचे छोटे दुकान होते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डे, हस्तपत्रके यांची अक्षरजुळणी ते करीत आणि छपाई बाहेरच्या प्रेसमध्ये होई. मी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आणि पुढे तशाच एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत मुलांना मीटर कसा धरावा हे शिकवण्यात नोकरी पुरी केली. त्यामुळे नात्याने मेहुणा असूनही दाजी मला ‘सर’च म्हणत. त्यात थोडा मान असे, थोडी चेष्टा.

पुण्याची गोष्ट मात्र चेष्टेची नव्हती. गावात दोन नवी दुकाने निघाली होती आणि तिथे पत्रिका उभ्या उभ्या तयार होत. दाजींचे मशीन म्हातारे झालेले. रंगीत पार्श्वभूमी चढवली की भिंतीला चुना लावावा तसा पडदा वरून खाली सावकाश रंगत येई. गिऱ्हाईक कंटाळे. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने, सन्मतीने, बापाला स्पष्ट सांगितले होते, “आबा, या लग्नसराईत दुकान सावरलं तर ठीक. नाहीतर कुलूप लावायचं आणि आईला घेऊन इकडं यायचं. मी खोली रिकामी करून ठेवलीय.”

दाजींना ती खोली नको होती. एकदा महिनाभर राहून आले होते. “बाल्कनीत उभं राहिलं की खाली माणसं मुंगीएवढी दिसतात,” ते सांगत, “हाक मारावी तर नाव ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी ऐकू गेलं नसतं.”

नवा संगणक घेतला असता तर प्रश्न मिटला असता असे कोणालाही वाटेल. पण दाजींचे मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर एका छोट्या किल्लीवर चाले. ती किल्ली पेटीच्या पाठीमागे, जुन्या पद्धतीच्या रुंद प्रिंटर-पोर्टमध्ये खोवलेली असे. ती काढली की अक्षरे उमटत नसत. नव्या यंत्रांना तसे पोर्टच नसते. सन्मतीने हौसेने पाठवलेल्या लॅपटॉपवर म्हणूनच अक्का प्रवचने ऐकत असे. पेटी तीच ठेवून तिच्यातला प्रोसेसर बदलणे हाच मार्ग उरला होता. त्याच बोर्डावर बसेल असा, त्याच पिढीतला, पण कितीतरी वेगवान प्रोसेसर मी कोल्हापूरच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून तपासून आणला होता.

“तुम्ही तिकडं गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसा, दाजी,” मी म्हणालो. “डोक्यावर उभं राहिलात की माझं काम चुकतं.”

“आमच्या बैलाला सुई टोचताना डॉक्टरपण असंच म्हणाला होता.”

“मग बैल वाचला का?”

“वाचला की. डॉक्टरच्या पायावर पाय देऊन पळाला.”

मी पेटीतल्या छोट्या पंख्याचे चारही पाय क्रमाने सैल केले. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा असा थर होता की तो नखाने सोलून काढावा लागला. खाली धातूचा ठोकळा होता, आणि त्याच्या व चिपच्या मध्ये लावलेली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. तो ठोकळा ओढून काढायचा नसतो. डावीउजवीकडे अलगद पिळायचा, म्हणजे सुटतो. सुटला. बाजूची दांडी उचलली, झाकण उघडले आणि जुना प्रोसेसर बाहेर घेतला.

दाजी खुर्चीतून उठून आलेच. “एवढंसं? इतकी वर्षं ह्यानं ओढलं सगळं?”

“ह्यानंच.”

“नखाएवढा जीव,” ते म्हणाले आणि परत जाऊन बसले.

नवीन चिपच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण मी बोर्डावरच्या खुणेशी जुळवला. चिप दाबायची नसते, आपल्या वजनाने बसू द्यायची असते. ती बसली. दांडी खाली आली तेव्हा कुरकुर झाली. ती व्हावीच लागते, पण दाजींनी डोळे मिटले. तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट, तिच्यावर स्वच्छ केलेला ठोकळा, मग पंखा. बोर्डाला नवी चिप ओळखता यावी म्हणून त्याच्या मुळातल्या प्रोग्रॅमची सुधारित आवृत्ती मी आदल्याच दिवशी चढवून ठेवली होती. लोक नेमके हेच विसरतात आणि मग काळ्या पडद्यापुढे बसून व्यापाऱ्याशी भांडतात.

बटण दाबले. पंखा फिरला. पडदा काही काळ काळाच राहिला. तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली, तिने एकदा पडद्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिले.

“धनू, ह्यांचा रंग का उडालाय?”

मी उत्तर देण्याआधी पडद्यावर अक्षरे आली. मशीनने नवा प्रोसेसर नावानिशी ओळखला होता. दाजींनी चहाची बशी खाली ठेवली, पुढे होऊन एक जुनी पत्रिका उघडली आणि तिच्यावर गुलाबाची पार्श्वभूमी चढवली. बोट उचलायच्या आत पडदा गुलाबी झाला. त्यांनी ती काढून मोरपिसाची चढवली. मग कमळाची. मग पुन्हा गुलाबाची.

“पुरे आता,” अक्का म्हणाली. “नवीन आहे म्हणून पळवून मारायचं नसतं.”

त्याच दुपारी दानोळीचे भरमगोंडा पाटील आले. मुलीचे, श्रद्धाचे, लग्न ठरले होते. पाटील अंगाने दांडगे, बोलण्यात मोकळे. आल्या आल्या त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, “चौगुले, तुमच्याकडं पत्रिका करायची म्हणजे भाकरी बांधून यावं लागतंय. बायकोनं दिलीया बघा,” आणि खरोखरच पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

“डबा उघडू नका,” दाजी म्हणाले. “आज हात धुवायच्या आत पत्रिका.”

“व्हय? मशीन बदललं?”

“मशीन तेच. आतला जीव बदलला. आमच्या सरांनी.”

पाटलांनी आणलेला मजकूर मी हातात घेतला आणि मोठ्याने सांगू लागलो. दाजी टाइप करू लागले. आजोबा-आजींची नावे, काका-काकूंची, मामांची, निमंत्रकांची, शेवटी चिमुकल्यांची लाडिक ओळ. मी सांगत होतो तसे ते उमटत होते. मग पार्श्वभूमी, कलश, केळीचे खांब, सोनेरी किनार. सगळे डोळ्यांदेखत जागच्या जागी. पाटील खुर्चीवरून अर्धे उठले होते.

“आयला,” ते म्हणाले, “हे तर त्या नव्या दुकानापेक्षा भारी झालं की. किनार जरा जाड करा. झाली? आता हिरवी करा. हिरवी पण झाली?”

प्रिंटरमधून नमुना आला. पाटलांनी तो हातभर लांब धरला, रंग पाहिले, किनार पाहिली, मुलीचे नाव पाहिले आणि ‘छापा’ म्हणून सही केली. डबा न उघडताच ते गाडीला किक मारून गेले. दाजींनी तो नमुना पुन्हा एकदा स्वतःसाठी काढला आणि भिंतीला चिकटवला. त्या दिवशी त्यांनी पुण्याला स्वतःहून फोन लावला आणि मुलाला सांगितले की ती रिकामी केलेली खोली भाड्याने द्यायला हरकत नाही.

पत्रिका छापून वाटायला सुरुवात झाल्यावर एके सकाळी मी दुकानात बसून प्रोसेसरचे तापमान पाहत होतो. नवी पेस्ट बसायला थोडे दिवस लागतात, म्हणून अधूनमधून पाहणे बरे असते. दारात एक बाई उभ्या राहिल्या. साठीच्या, काटक, डोक्यावरून घेतलेला पदर चापून बसवलेला. दाजी लगबगीने उठले.

“या मालनबाई. पाटलांच्या थोरल्या भगिनी,” ते मला म्हणाले. “मुलगी यांच्याच हातावर वाढली.”

मालनबाई बसल्या नाहीत. त्यांनी पत्रिका टेबलावर ठेवली आणि तिच्यावर बोट ठेवले.

“चौगुले, मला वाचायला येतं. पण काल रात्रीपासनं वाचते आहे, सापडेना. ह्यात माझं नाव कुठं आहे ते तेवढं दाखवा.”

दाजींनी चष्मा लावला. मला चष्म्याची गरज नव्हती. मजकूर मीच सांगितला होता आणि त्यात ते नाव नव्हते.

बाहेर गाडी थांबली. भरमगोंडा पाटील घामाघूम होऊन आत आले आणि बहिणीला पाहून दारातच थबकले. त्यांच्या तोंडाकडे पाहिल्यावर काही विचारायची गरज राहिली नाही. बहीण लग्नानंतर वर्षभरात नवरा जाऊन माहेरी आलेली. तेव्हापासून त्या घराची चूल, गोठा आणि पोर तिच्याच हाताखाली. मजकूर लिहिताना पाटलांनी लांबलांबचे नातेवाईक आठवून आठवून घातले होते, आणि जिने वाढून दिलेल्या ताटाशी बसून लिहिले, तिलाच विसरले होते.

“आक्का, घरी चल. घरी बोलू.”

“घरी काय बोलायचं? तू म्हणशील राहून गेलं, आणि मी म्हणेन असू दे.” त्या वळल्याही नाहीत. “चौगुले, मला एक सांगा. रांडमुंड बाईचं नाव शुभकार्यात नको, असं घरात कुणी म्हणालं असलं तर तसं सांगा. मी अक्षतेला मागं उभी राहीन. रुसणार नाही. पण मला कळू दे.”

पाटलांनी तोंड उघडले. “अगं, तू तर घरातच असतीस की, तुझं नाव आणि कशाला…”

“पाटील, तुम्ही गप्प बसा,” दाजी एकदम म्हणाले. मी त्यांना गिऱ्हाइकावर आवाज चढवताना कधी ऐकले नव्हते. मग ते मालनबाईंकडे वळले. “नाव होतं. मशीननं खाल्लं.”

मालनबाईंनी पेटीकडे पाहिले.

“मशीन नाव खातं?” मालनबाईंनी विचारले.

“एरवी खात नाही. पण नवा प्रोसेसर बसवलाय. तुमची पत्रिका हे त्याचं पहिलंच काम. एक ओळ गेली. चूक दुकानाची आहे. सगळ्या पत्रिका मी परत छापून देतो, आज रात्रीच्या आत, आणि वाटलेल्या घरी मी स्वतः जाऊन बदलून देतो.”

मालनबाईंनी थोडा वेळ दाजींकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

“हे बसवणारे तुम्ही?”

“हो.”

“तुम्ही कॉलेजात शिकवायचा. आमच्या गावची पोरं होती तुमच्याकडं. सर बोलले की खरं, असं म्हणायची.” त्यांनी पत्रिका उचलून माझ्यापुढे धरली. “तुम्ही सांगा. मशीन असं एकच नाव खातं?”

प्रयोगशाळेच्या दाराशी मी वर्षानुवर्षे मुलांना एकच वाक्य सांगत आलो होतो: यंत्र आपल्या मनाने काही करत नाही, तुम्ही दिले तेवढेच ते घेते. प्रोसेसर गणितात चुकत नाही, ओळ गिळत नाही, माणसाची निवड करत नाही. शिवाय मला हेही दिसत होते की मी ‘हो’ म्हटले तर दानोळीपासून शिरोळपर्यंत बातमी जाईल. चौगुल्यांचे मशीन नावे खाते. लग्नसराई तोंडावर होती. असल्या दुकानात कोण पाय टाकणार? ज्या मशीनच्या जोरावर दाजींनी पुण्याची खोली नाकारली, त्याच मशीनवर ते स्वतःच्या तोंडाने डाग लावत होते, आणि त्या डागावर त्यांना माझी सही हवी होती.

मी दाजींकडे पाहिले. ते विनवीत नव्हते. नुसते वाट पाहत होते, पडदा रंगायची वाट पाहावी तसे.

“खातं,” मी म्हणालो. “फार वेगानं चालायला लागलं की खातं. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.”

मालनबाईंचा पत्रिका धरलेला हात खाली आला. त्यांनी पहिल्यांदा भावाकडे पाहिले. पाटील टेबलाचा कोपरा अंगठ्याने घासत उभे होते.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. “मग आता माझ्यासमोर लावा. मी बघते कसं खातंय ते.”

दाजींनी पत्रिका उघडली. निमंत्रकांत पहिले नाव त्यांनी घातले: श्रीमती मालनबाई. मालनबाईंनी तेवढ्यावर सोडले नाही. त्यांनी सगळी पत्रिका वरपासून मोठ्याने वाचली, एकेका नावापाशी थांबत. धाकट्या मामाचे आडनाव चुकले होते. चिमुकल्यांच्या ओळीत शेजारच्या सुताराचे पोर राहिले होते. ते दिवसभर ह्यांच्याच अंगणात असते म्हणे. “तेपण मशीननं खाल्लं काय रे भरमू?” त्यांनी विचारले. पाटील म्हणाले, “असेल, आक्का. लई हावरं मशीन आहे.”

ती दोघे गेल्यावर मी दार लोटले.

“दाजी, प्रोसेसर नाव खात नाही.”

“ठाऊक आहे की.”

“मग हे गावभर होणार. तुमच्या दुकानाचं काय?”

दाजींनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. “सर, पूर्वी रंग चढेपर्यंत मी काय करायचो? गिऱ्हाइकाला समोर बसवून नावं वाचायचो. बहीण कुठाय, आत्या कुठाय, वाटणीत भांडलेला चुलता घातला का, असं विचारायचो. करायला दुसरं काही नसायचंच. त्या दिवशी मी विचारलं नाही. वेळच मिळाला नाही. किनार हिरवी करत बसलो.” त्यांनी चष्मा लावला. “मग तूच सांग, खाल्लं कुणी?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी ‘तू’ म्हटल्याचे आठवत नव्हते.

लग्नाला आम्ही तिघेही गेलो. मालनबाई वाढपात होत्या, आमच्या पंगतीपाशी येऊन त्यांनी माझ्या पानात आग्रहाने जिलबी वाढली आणि हळूच विचारले, “मशीन बरं आहे ना? त्याला बदलू नका हं, सर. आमच्या भरमूपेक्षा ते बरं. चुकलं तर कबूल तरी करतंय.” आणि पुढच्या पानाकडे सरकल्या.

बातमी व्हायची ती झालीच. पण झाले ते माझ्या अंदाजापेक्षा वेगळे. गिऱ्हाइके तुटली नाहीत. ती सावध झाली. येणारा प्रत्येक जण नमुना हातात घेऊन खुर्चीत ठाण मांडायचा. कोणी बायकोला सोबत आणायचे, कोणी म्हाताऱ्या आईला. “मशीन नावं खातंय, नीट बघ,” असे म्हणत एकेक ओळ बोट ठेवून वाचली जायची. वाचता वाचता एखादी विसरलेली मावशी सापडायची, एखाद्या रुसलेल्या काकाला फोन लागायचा. अक्काच्या चहाची किटली पुन्हा दिवसभर गॅसवर राहू लागली. नव्या दुकानांतून पत्रिका लवकर मिळत. पण तिथल्या पत्रिकेत माणूस राहून जाई आणि मग मांडवात भांडण होई. चौगुल्यांच्या पत्रिकेत कोणी राहत नाही, अशी नवीच ख्याती त्या हंगामात पसरली, आणि तिच्याशी जुळणारे एकच स्पष्टीकरण लोकांपाशी होते: मशीनवर भरवसा नाही म्हणून.

हंगाम उतरणीला लागला तेव्हा सन्मतीचा फोन आला. मी तिथेच होतो. दाजींनी स्पीकर चालू केला.

“आबा, पुण्यात जयसिंगपूरचे लोक भेटले. म्हणत होते, तुमचं मशीन नावं खातं. अहो, मग कशाला धरून बसलाय ते? मोडीत घाला आणि या इकडं.”

“खातंय म्हणूनच येता येत नाही, बाळा,” दाजी म्हणाले. “त्याच्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतं.”

“असं काही नसतं, आबा. मामा आहेत का तिथं? मामांना द्या.”

दाजींनी फोन माझ्याकडे सरकवला. समोर खुर्चीत नांदणीची एक म्हातारी नातवाच्या पत्रिकेतले नाव बोटाने शोधत होती, आणि तिची सून तिला ‘वरच्या ओळीत बघा’ म्हणत होती.

“मामा, तुम्ही तरी खरं सांगा,” सन्मती म्हणाला. “प्रोसेसरनं असं होतं का?”

“होतं,” मी म्हणालो. या वेळी मला विचार करावा लागला नाही.